माथा गाठायचा, पण डांडावरून की नाल्यातून?

मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, तामिया-पातालकोटच्या बाजूला माथ्यापर्यंत जंगलानं झाकलेल्या, पायवाट नसलेल्या डोंगऱ्या पुष्कळ आहेत. नागपूरकरांना त्या जवळच्या. वन विभागाची परवानगी आणि गावातला जाणता माणूस सोबत असणार, हे धरूनच चालतो. व्याघ्र प्रकल्पात तर हा विषयच नको. प्रश्न एवढाच की चढायचं कुठून? गावकरी बहुधा नाला दाखवतात, नकाशा बघणारे डांड म्हणतात, म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली सोंड.

नाल्याची बाजू कमजोर नाही. जांभूळ-अर्जुनाची सावली, पायाखाली वाळू, जानेवारीपर्यंत कुठेतरी डबकं सापडतं. पहिला टप्पा तर मजेत जातो. पुढे फाटे फुटायला लागतात आणि प्रत्येक फाट्यावर मंडळींची सभा भरते. नकाशाचाही फार आधार नाही. २० मीटरच्या अंतरानं काढलेल्या समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) १५ फुटांची उभी पायरी सहज लपते. हे सगळं मी सोसलं असतं. माझं मत फिरवलं ते रायमुनियानं.

घाणेरी म्हणा, रायमुनिया म्हणा, थोडा ओलावा आणि उघडं आकाश मिळालं की नाल्याच्या दोन्ही काठांवरून ती आत झेपावते. डोक्यावर जाळी, खाली रानडुकरांनी पाडलेलं बोगद्यासारखं भोक. वाकून शिरलं की मागे वळलेले बारीक काटे आधी बॅग पकडतात, ती सोडवेपर्यंत बाही, मग कान. शंभर पावलांना अर्धा तास गेल्यासारखा वाटतो. शिवाय अशाच दाट जाळीत अस्वल दिवसा पडून असतं, आणि आपण त्याच्या नाकाशी पोचेपर्यंत दोघांनाही पत्ता नसतो. कोयत्यानं वाट काढू म्हणणारे भेटतात. थोड्या वेळात खांदा बोलायला लागतो.

डांडावर सुख आहे असं नाही. ऊन अंगावर, सैल मुरूम, पाणी सगळं पाठीवर. माणशी चार लिटर तरी धरा. आणि कुसळ. त्याची शेपटी वळलेल्या दोरीसारखी असते, घामानं ओलावली की उलगडत फिरते आणि टोक मोज्यातून आत घुसतं. पण त्याला उपाय आहे: लोकरी मोजे घरी ठेवा, घोट्यावर गुळगुळीत नायलॉन बांधा. रायमुनियावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

शिवाय चढताना डांड एकमेकांना मिळत जातात. वर जात राहिलं की बहुतेक माथाच येतो. उतरताना मात्र तेच फाटतात आणि सगळे सारखे दिसतात. म्हणून चढतानाच प्रत्येक सांध्यावर मागे वळून बघावं, कापडाची चिंधी बांधावी, येताना सोडून घ्यावी.

तुमच्या डोंगरीचा नाला मोकळा असेल तर गोष्ट वेगळी. गावातल्या माणसाला 'वाट आहे का' असं विचारू नका, त्याच्यासाठी सगळीकडेच वाट असते. 'रायमुनिया किती?' हे विचारा. हात डोक्याच्या वर गेला तर डांड धरा. जमल्यास जानेवारीतच जा. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात, मग परवानगी मिळणं अवघड होतं.