मोठ्या भुकेची न्याहारी : दलिया, ज्वारीच्या कण्या, ओट्स की नाचणी?

पोह्यांची भरलेली बशी संपवूनही अकराच्या आत ज्यांना पुन्हा भूक लागते, अशा माणसांचा आणि त्यांच्यासाठी रोज न्याहारी करणाऱ्यांचा विचार करून हा आढावा लिहिला आहे. पुण्यात अशी घरे पुष्कळ आहेत. कुणी पहाटे तालमीत जाऊन येतो, कुणी चाकणच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला तासन्‌तास उभा असतो आणि वाढत्या वयाच्या मुलांची भूक तर वेगळी सांगायला नको. या सगळ्यांना लापशी सुचवली की ‘ते आजाऱ्याचे खाणे’ असे उत्तर मिळते. लापशी हलकी लागते हे खरे आहे; पण तसे होते ते तिच्यात पाणी फार, धान्य थोडे आणि डाळ अजिबात नसते म्हणून. दोष लापशीचा नसून आपण ती ज्या प्रमाणात करतो त्या प्रमाणाचा आहे.

कोणते धान्य निवडावे हे ठरवण्याआधी पोट कशाने भरते ते पाहायला हवे. दाणा जितका भरड राहील तितके त्यातील पिष्ट सावकाश पचते. तेच धान्य बारीक दळले की साखर रक्तात लवकर उतरते आणि भूकही लवकर परतते. दुसरी बाब प्रथिनांची. तृणधान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांपैकी एक) कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते, त्यामुळे धान्याला मुगाच्या डाळीची जोड दिली की दोन्हींचा उपयोग वाढतो. तिसरी बाब म्हणजे मात्रा. चांगल्या भुकेच्या माणसासाठी ८० ग्रॅम कोरडे धान्य आणि ४० ग्रॅम मूगडाळ हा माझ्या मते योग्य पाया आहे, आणि पुढे एका माणसाच्या न्याहारीचा हिशेब याच प्रमाणावर केला आहे; धान्यांची आपसातली तुलना मात्र १०० ग्रॅमवर आहे.

गव्हाचा दलिया मी या चौघांत पहिला ठेवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम अख्ख्या गव्हात सुमारे १०.६ ग्रॅम प्रथिने आणि ११ ग्रॅम तंतू असतात, आणि दलियात कोंडा शिल्लक असल्यामुळे यातले बहुतेक ताटात येते. वर सांगितलेल्या प्रमाणात दलिया आणि डाळ घेतली, सोबत पेलाभर दूध किंवा दही ठेवले आणि वरून मूठभर दाण्याचे कूट घातले, तर एका माणसाच्या वाट्याला साधारण ३० ग्रॅम प्रथिने आणि ६०० उष्मांकांच्या आसपास ऊर्जा येते. पोह्यांच्या एका बशीला हे गाठणे शक्य नाही. करायलाही तो सोपा आहे. चमचाभर तुपात दलिया खमंग वास सुटेपर्यंत भाजावा, धुतलेली डाळ घालावी, दोन्ही मिळून जेवढे भरेल त्याच्या चौपट गरम पाणी ओतावे आणि कुकरच्या तीन शिट्ट्या करून वाफ आपोआप जिरू द्यावी. गाजर, मटार, फ्लॉवर यांसारख्या भाज्या कुकरमध्येच टाकता येतात. तिखटमिठाचा करायचा असेल तर मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि मिरचीची फोडणी आधी करून घ्यावी. गोड हवा असेल तर गूळ शिजल्यावर घालावा, कारण आधी घातल्यास दाणा नीट फुलत नाही.

खरेदी करताना मात्र पाहून घ्यावे. बाजारात दलिया म्हणून जाड, मध्यम आणि रव्याच्या जवळ जाणारा बारीक असे सगळेच मिळते. मोठ्या भुकेसाठी जाडच घ्यावा. हातात घेतल्यावर कोंड्याचे तांबूस कण दिसले पाहिजेत. बन्सी रवा ही वेगळी वस्तू आहे आणि तिच्यात कोंडा नसतो. अलीकडे पुण्यातील अनेक दुकानांत खपली गव्हाचा दलियाही मिळतो. तो शिजायला अधिक वेळ घेतो, चवीला उत्तम लागतो, परंतु त्यातही ग्लुटेन हे गव्हातले चिकट प्रथिन असते, हे सीलिॲकचा (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो विकार) त्रास असलेल्यांनी विसरू नये.

ज्वारीच्या कण्यांविषयी मला विशेष आस्था आहे, आणि शहरातील स्वयंपाकघरांतून त्या जवळजवळ नाहीशा झाल्या याचे वाईटही वाटते. सोलापूर, मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी घ्यावी, तिच्यावर पाण्याचा हलका हबका मारून थोडा वेळ दडपून ठेवावी आणि गिरणीवाल्याला ‘भरडून द्या’ असे स्पष्ट सांगावे. नाही तर हातात भाकरीचे पीठ येते. घरी आणल्यावर भरडा चाळावा. खाली पडलेले पीठ भाकरीला किंवा थालीपिठाला उपयोगी पडते आणि वर राहतात त्या कण्या. त्या रात्रभर भिजवून सकाळी पाचपट पाण्यात कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या करून शिजवल्या तर मऊ होतात, तरीही दाणा दाताखाली जाणवतो. उन्हाळ्यात त्या गार झाल्यावर ताक, जिरेपूड आणि मीठ घालून खाव्यात. थंडीत गरम कण्यांवर तूप आणि बाजूला जवसाची किंवा कारळ्याची चटणी घ्यावी.

प्रथिनांच्या आकड्यांत ज्वारी गव्हाच्या जवळच आहे, १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, तंतूही तितकेच. तिच्यात ग्लुटेन मुळीच नसते. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: ज्वारीतील प्रथिने पाण्यात शिजवल्यावर पचायला जरा अवघड होतात, त्यामुळे नुसत्या कण्यांवर विसंबणे योग्य नाही. डाळ, ताक किंवा दही यांची जोड येथे दलियाहूनही अधिक गरजेची आहे. आपल्याकडे कण्या ताकाबरोबर खाण्याची रीत आहे ती या दृष्टीनेही योग्यच आहे. वेळ आणि गिरणीची फेरी हाच कण्यांचा खरा खर्च. (बाजरीच्या भरड्याचाही थंडीत असाच उपयोग होतो, पण बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने भरडा काही दिवसांतच कडवट होतो; तो थोडाथोडाच आणावा.)

ओट्सबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. ते परके आहेत म्हणून नाकारावेत असे काही त्यांच्यात नाही, आणि आपल्या धान्यांहून ते सर्वच बाबतींत सरस आहेत असेही नाही. १०० ग्रॅमला सुमारे १३ ग्रॅम प्रथिने ही त्यांची जमेची बाजू आहे. त्यांतील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू पाण्यात दाटसर होतो आणि पोट रिकामे होण्याची गती मंदावतो. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन खाण्यात गेल्यास कोलेस्टेरॉल काही अंशी उतरते, आणि हृदयविकाराचा धोका कमी करण्याच्या संदर्भात ओट्सचा उल्लेख पाकिटावर करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये मान्यता दिली होती. ८० ग्रॅम ओट्समधून एवढे बीटा-ग्लुकन साधारणपणे मिळते. म्हणून ज्यांच्या घरी कोलेस्टेरॉलची चिंता आहे, त्यांनी ओट्सचा विचार जरूर करावा.

मात्र कोणते ओट्स हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कापलेल्या दाण्याचे ओट्स सर्वांत भरड असतात आणि शिजायला २०-२५ मिनिटे घेतात. जाड चपटे ओट्स सात-आठ मिनिटांत होतात. झटपट होणारे ओट्स मात्र इतके बारीक केलेले असतात की भरडपणाचा लाभ बराचसा निघून जातो. मसाला घातलेली छोटी पाकिटे मोठ्या भुकेच्या माणसाला मी सुचवणार नाही. एका पाकिटात धान्य थोडेच असते, पोट भरायला दोन-तीन पाकिटे लागतात आणि तितके मीठही पोटात जाते. किमतीचा विचार केला तर एक किलो ओट्सच्या पैशांत साध्या दुकानातून साधारण दोन किलो, कधी त्याहून अधिक दलिया येतो, आणि चार खाणारी माणसे असलेल्या घरात हा फरक महिनाअखेरीस जाणवतो.

नाचणीचा गौरव कॅल्शियमसाठी होतो आणि तो रास्त आहे: १०० ग्रॅमला सुमारे ३६४ मिलिग्रॅम, म्हणजे गहू-ज्वारीच्या कितीतरी पट. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात ती पिकतेही. परंतु प्रथिने ७ ग्रॅमच्या आसपासच असतात, आणि आपण ती बहुधा पीठ करून, पातळ आंबील म्हणून घेतो. त्यामुळे भुकेच्या कसोटीवर ती मागे पडते. नाचणीचे सत्त्व तर वस्त्रगाळ असते, त्यातला कोंडा निघून गेलेला असतो. लहान बाळांना आणि आजारातून उठलेल्यांना ते यासाठीच मानवते, आणि याच कारणाने ते तालमीतून आलेल्या मुलाला पुरत नाही. नाचणी मुख्य न्याहारी न करता दलियासोबत पेलाभर आंबील म्हणून ठेवावी. दोन मोठे चमचे पीठ रात्री ताकात कालवून ठेवावे, सकाळी गार पाण्यात सैल करून मगच आचेवर चढवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत; आंबवल्यामुळे फायटेट (धान्यातला क्षार धरून ठेवणारा घटक) कमी होऊन त्यातले क्षार अंगी लागायलाही मदत होते. त्यावर लगेच चहा घेऊ नये, कारण चहातील टॅनिन लोह शोषू देत नाही.

ज्या घरात कुकर रोज चढतो आणि दोन-तीन माणसे मनापासून खाणारी आहेत, तेथे जाड दलिया आणि मूगडाळ हा रोजचा पदार्थ ठेवावा, आणि सुटीच्या दिवशी किंवा उन्हाळ्यात कण्या कराव्यात. ग्लुटेन चालत नसेल तर हा क्रम उलटा करून कण्या रोजच्या ठेवाव्या लागतील. ओट्सही अशा वेळी निर्धास्तपणे घेता येत नाहीत, कारण त्यांत गव्हाची भेसळ प्रक्रियेतच होऊ शकते. सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, केटलीपलीकडे साधन नसलेल्या मुलांनी जाड चपटे ओट्स उकळत्या पाण्यात झाकून ठेवावेत आणि त्यांत दूध पावडर, दाण्याचे कूट व केळे घालावे; सोबत दोन उकडलेली अंडी मिळाली तर १२ ग्रॅम प्रथिने आणखी पदरात पडतात. मधुमेह असल्यास मात्रा आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

पहाटेची बस पकडणाऱ्यांसाठी कण्या आणि ओट्स या दोहोंपेक्षा दलिया डब्यात अधिक चांगला राहतो, फक्त तो निवल्यावर घट्ट होतो. म्हणून डब्यासाठी करताना पाणी चौपटीऐवजी पाचपट घ्यावे, आणि ताक वेगळ्या बाटलीत द्यावे, म्हणजे खाण्याच्या वेळी ते मिसळून हवा तितका सैल करता येतो.