ट्रान्समिशन कुलर (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर) बसवला, एक उन्हाळा आणि एक हिवाळा काढला, आता सांगतो

डेन्व्हरला राहतो, ६ स्पीड ऑटोमॅटिक पिकअप आहे, मागे साधारण ५००० पाउंडाचा कॅम्पर ट्रेलर असतो. आय-७० हायवेने पश्चिमेला निघालं की ५२८० फुटांवरून थेट आयझेनहॉवर टनेलपर्यंत, ११००० फुटांच्या वर चढायचं, त्यात हवा विरळ म्हणजे इंजिनात दम कमी आणि रेडिएटरही नीट थंड होत नाही. डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचं टेम्परेचर दिसत नाही म्हणून ओबीडीला (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायचा सॉकेट) ब्लूटूथ रीडर लावला, तर रिकामी गाडी सपाट रस्त्याला ९६-९७ सेल्सियस आणि ट्रेलर घेऊन चढावर ११८! एवढ्या तापात ऑइल झपाट्याने खराब होतं, सील कडक होतात, मग क्लच घसरायला लागतात.

रिकामी गाडीसुद्धा एवढी गरम का? तर रेडिएटरमध्ये कंपनीचा एक कुलर असतोच, त्याच्या लाइनमध्ये कंपनीचाच थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला उघडणारी झडप) असतो, माझ्यातला ९० च्या आसपास उघडतो, तोपर्यंत ऑइल कुलरकडे जातच नाही. गरम ऑइल पातळ राहतं, मायलेज थोडं सुधारतं, म्हणून तसं ठेवतात. मी कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट टाकला आणि एसी कंडेन्सरच्या पुढे स्टॅक्ड प्लेट कुलर बसवला. ऑइल आधी रेडिएटरमधल्या कुलरमधून, मग नव्या कुलरमधून आणि मग परत गिअरबॉक्सला, हाच क्रम ठेवा, उलटं केलंत तर थंड केलेलं ऑइल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा तापतं.

आता रिकामी ७७-८०, चढावर ट्रेलरसकट १०० च्या आत. मी खूश आहे, पण सगळं श्रेय कुलरला देणार नाही. खरी उष्णता तयार होते टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलवर चालणारा जोड), त्याला थेट जोडून ठेवणारा लॉकअप क्लच सुटला की आत नुसतं ऑइल घुसळलं जातं आणि आकडा बघता बघता वर जातो. टो-हॉल मोड (ओझं ओढताना वापरायचा मोड) लावून, एक गिअर खाली घेऊन, आरपीएम वाढवून पण लॉकअप टिकवून चढलं की त्याच चढावर ७-८ डिग्रीचा फरक मला स्क्रीनवर दिसतो, आणि याला एक पैसा लागत नाही. गाडी वर खेचताना इंजिन ओरडतंय म्हणून लोक घाबरून वरच्या गिअरमध्ये ठेवतात, तिथेच गिअरबॉक्स भाजतो.

काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, माझ्या मते इथल्या थंडीत हे अजिबात करू नका. उणे १५ च्या सकाळी थर्मोस्टॅट असूनही ६० पर्यंत यायला बराच वेळ लागतो, थंड घट्ट ऑइलवर गिअर धक्के देत पडतात.

कुलर बसवल्यावर ऑइल जास्त लागतं, लेव्हल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच बघा, गाडी गार असताना बघितलेली धरू नका. होजचे क्लॅम्प पहिल्या मोठ्या ट्रिपनंतर पुन्हा आवळा, माझा एक थोडा पाझरत होता. आणि ट्रेलर कधीच ओढत नसाल तर कुलरचे पैसे वाचवा, नुसता थर्मोस्टॅट बदलला तरी पुरतं.