बागेतली रेल्वे: इंजिनाला पूर्ण गुण, जोडपट्टीला भोपळा

ऐन गणपतीत बागेतली खेळण्यातली गाडी मागच्या वळणावर अडकली. विक्रेत्याचं उत्तर तयारच: "बाहेर वापरलात ना, मग वॉरंटी नाही." खोक्यावरचं चित्र मात्र हिरवळीतून धावणाऱ्या गाडीचं!

संच एलजीबीच्या (बागेतल्या रेल्वेचा जर्मन ब्रँड) ४५ मिमी मापाशी, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराशी जुळणारा, दुसऱ्याच कंपनीचा, स्वस्तातला. प्रमाण १:२२.५, म्हणजे सगळं खऱ्याच्या साडेबावीसाव्या भागाएवढं. इंजिनाबद्दल तक्रार नाही. गिअर शांत, ओढ चांगली. वैताग आहे तो दोन रूळ जोडणाऱ्या पितळी जोडपट्टीचा.

हिशेब बघा. सरळ तुकडा ३० सेंमीचा, ६० सेंमी त्रिज्येच्या वळणाचा साधारण ३१. वीस मीटरच्या फेऱ्याला पासष्टच्या आसपास तुकडे, म्हणजे दोन्ही रुळांचे मिळून १३० सांधे. प्रत्येक सांध्यात वीज जाते ती पातळ पत्र्याच्या चिमटीतून. पावसाचं पाणी आणि धूळ आत शिरली की पत्र्याखाली काळपट थर धरतो. इंजिन आणि दिव्यांचे डबे मिळून २ अँपिअर ओढत असतील आणि एका सांध्यावर १ व्होल्ट पडला, तर तिथे २ वॅट उष्णता होते. शेजारचा प्लॅस्टिकचा स्लीपर मऊ पडतो. रूळ वरून घासला की चकचकीत दिसतो, म्हणून दोष लवकर सापडतही नाही.

शोधायची रीत: फेऱ्याचा एक सांधा दोन्ही रुळांवर सोडा, नाहीतर वीज दोन्हीकडून येते आणि आकडे फसवतात. सुटलेल्या एका टोकाला मोटारीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब लावा, दुसऱ्या टोकाला १२ व्होल्ट द्या आणि मल्टिमीटरने एकेका सांध्याच्या अल्याड-पल्याड मिलिव्होल्ट मोजा. १०-२० आले तर ठीक. शंभरच्या वर गेला तो सांधा खोलायचाच.

सांध्यात भरायच्या ग्रॅफाइट पेस्टला उन्हाळ्यात पैकीच्या पैकी गुण दिले असते. पावसाळा सरल्यावर मत बदललं. पेस्ट पाणी अडवते खरी, पण बारीक कच धरून ठेवते, आणि ढिली पट्टी काही घट्ट करत नाही. पक्का उपाय एकच, सांध्यावरून वायर टाकणं. रुळाच्या उभ्या भागात बाहेरच्या बाजूने १.६ मिमीचं भोक, एम-२ टॅपने (२ मिमी स्क्रूचे आटे पाडायचं हत्यार) पाडलेले आटे, स्टेनलेस स्क्रू, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि १.५ चौ. मिमीची मल्टिस्ट्रँड वायर. स्क्रूचं टोक आतल्या बाजूला डोकावता कामा नये, चाकाची कड अडते. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नच्या नादी लागू नका, जाड रूळ सगळी उष्णता पिऊन टाकतो.

वायर थोडी ढिली ठेवा. इथल्या उन्हात रूळ हात लावू देत नाही, थंडीतल्या पहाटे गार पडतो. ५० अंशांच्या फरकाला वीस मीटर पितळ जवळपास १९ मिमी वाढतं. म्हणून ट्रॅक काँक्रीटला स्क्रूने आवळायचा नाही, खडीच्या कचेत मोकळा बसवायचा.

सांगलीची काळी माती हे दुसरं दुखणं. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, ट्रॅक वाकडा होतो. २० सेंमी रुंद, १५ सेंमी खोल चर खणा, खाली १० सेंमी मुरूम, वर ५ सेंमी क्रशरची कच, पाणी मारून धुम्मस करा. वीस मीटरला साधारण २१ घनफूट, म्हणजे पाव ब्रासमध्ये (ब्रास म्हणजे १०० घनफूट) भागतं. गोल गोटे घेऊ नका, ते सरकतात. टोकदार कच एकमेकींत अडकून बसते. चढ मीटरला २ सेंमीपेक्षा जास्त नको.

झाडं १:२२.५ ला शोभतील अशी हवीत. सहा मीटरचं झाड इथे २७ सेंमीचं. बारीक पानांचं जेड छाटून ठेवलं की वडासारखं दिसतं. कामिनीही चालते. लव्हाळा मात्र गाठीसकट उपटा. नुसतं प्लॅस्टिक अंथरलं तर त्याला भोक पाडून वर येतो. (जुन्या मिरज-लातूर नॅरोगेजची हौस असेल, तर अडीच फुटी गेज ४५ मिमीवर बसवायला प्रमाण १:१७ च्या जवळ येतं. या संचाचे डबे त्याला लहान पडतात.)

नव्याने घेणाऱ्यांनी संचातले तुकडे वाढवत बसू नये. दीड मीटरचे रूळ घेऊन बेंडरने वाकवा. वीस मीटरला १४ लांब्या, २८ सांधे. महाग वाटतील, पण १३० वायरींचे स्क्रू, लग आणि मजुरी मांडली की फरक फार उरत नाही. सांध्याला पत्र्याची पट्टी नको, स्क्रूचे क्लॅम्प घ्या. वायरींचा जाचच नको असेल तर इंजिनात रिमोटचा रिसीव्हर आणि मागच्या डब्यात बॅटरी टाका. मग रुळातून वीजच जात नाही, अॅल्युमिनियमचा स्वस्त रूळही चालतो. फक्त गाडीमागे तो एक डबा कायमचा अडकतो.