‘गोळी खातो’ म्हणून गळ्यात मारलेला मँडरिन

मँडरिन या खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशाच्या व्यवहारात गिऱ्हाइकाला फसवणं इतकं सोपं का जातं, ते आधी सांगते. हा मासा जागा असतो तेवढा वेळ टिपत असतो. अंगणातल्या कोंबडीसारखा दगडावर, काचेवर, रेतीवर सारखं तोंड मारत फिरतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की याचं खाणं मस्त चाललंय. शिवाय उपासमारीनं मरायला त्याला काही आठवडे लागतात. विकणाऱ्याची ‘मासा जिवंत पोचेल’ ही हमी मात्र दोन तासांची असते. त्या दोन तासांत मासा ठणठणीतच दिसतो. पुढे महिना-दीड महिन्यानं तो गेला की खापर तुमच्या पाण्यावर फोडायला दुकानदार मोकळा.

माझी टाकी सत्तर लिटरची, हॉलमध्ये टीव्हीशेजारी. ती लावून दिली ती मला मँडरिन विकणाऱ्या दुकानदारानंच. मिठाचं प्रमाण, पंप, दिवा, दगड, सगळं त्याच्याच हातचं. दगड कारखान्यात बनवलेले, कोरडे. आपल्याकडे समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे प्रवाळाचा खरा ‘जिवंत’, म्हणजे जीवजंतूंनी भरलेला दगड विकणं हा गुन्हा आहे. (असा दगडही ‘गुपचूप आणून देतो’ असं दुकानदार म्हणाला होता, मी नको म्हटलं.) कोरड्या दगडावर सुरुवातीला जीवजंतू काहीच नसतात आणि मँडरिन तर दगडावरच्या कोपेपॉडांवर, म्हणजे मिलिमीटरभर लांबीच्या कवचधारी किड्यांवर जगतो. आपले लोक त्यांना नुसतं ‘पॉड्स’ म्हणतात. माझ्या टाकीत पॉड्स किती असतील हे या माणसाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. वर त्यानंच आधी मला सिक्सलाइन रास नावाचा दुसरा एक मासा विकला होता, ‘टाकीतले बारीक किडे साफ करतो’ म्हणून. ते बारीक किडे म्हणजे पॉड्सच. म्हणजे एका माशाकडून ज्यानं ताट आधीच साफ करून ठेवलं, त्यानंच मला दुसरा मासा जेवायला आणून दिला.

‘टँक-ब्रेड’ म्हणजे टाकीतच जन्मून वाढलेला मासा, ‘गोळी’ म्हणजे माशांचं तयार दाणेदार खाणं, ‘फ्रोजन’ म्हणजे गोठवलेलं. विकताना त्याची भाषा अशी : “ताई, डोळे झाकून घ्या. हा जंगली नाही, टँक-ब्रेड आहे. गोळी खातो, फ्रोजन खातो. आणि याला आजार म्हणून होत नाही.” शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते चांगलं खपतं. मँडरिनच्या अंगावर खवले नसतात, जाड चिकट बुळबुळीत थर असतो. त्यामुळे इतर समुद्री माशांना होतो तो पांढऱ्या ठिपक्यांचा आजार त्याला सहसा होत नाही. पण भूक हा काही आजार नव्हे.

टँक-ब्रेड मँडरिन ही थाप नाही, असे मासे खरंच असतात. अमेरिकेत फ्लोरिडातल्या हॅचऱ्यांनी, म्हणजे माशांची पैदास करणाऱ्या केंद्रांनी, ते वाढवून विकायला सुरुवात केली त्याला आता दशक उलटून गेलं. लहानपणापासून तयार खाणं मिळालेले हे मासे छोट्या टाकीतही जगू शकतात. पण ते बाजारात येतात तेव्हा बोटाच्या पेरापेक्षा थोडेच मोठे असतात. मला मिळालेला चांगला पूर्ण वाढलेला नर होता, पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा उंच उभा. फिलिपिन्समध्ये हे मासे सुईसारख्या बारीक भाल्यानं टिपून पकडतात. माझ्या माशाच्या शेपटीजवळ एक पांढुरका ठिपका होता. तो भाल्याचाच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण हॅचरीतल्या माशाच्या अंगावर तो कशाला असेल?

भाव साडेसहा हजार. साधा, पकडून आणलेला मँडरिन त्याच्याचकडे अडीच हजाराला होता. वरचे चार हजार होते ते ‘गोळी खातो’ या दोन शब्दांचे.

पुरावा म्हणून त्यानं मला व्हिडिओ पाठवला. वरून लाल गोळ्या पडताहेत आणि मासा टुकटुक टिपतोय. पार्श्वभूमीला गाणं. पाहिल्यावर कोणालाही पटेल. नंतर मी तोच व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. गोळ्या रेतीवर जिथे पडल्या तिथेच शेवटपर्यंत पडून आहेत. मासा टिपतोय तो त्यांच्या बाजूची काच.

मँडरिन खरंच खातो कसा, हे जवळून बघण्यासारखं असतं. तो पोटाखालच्या परांवर जवळजवळ चालत येतो, थांबतो. दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात आणि मग एका जागी रोखले जातात. क्षणभर काहीच नाही. मग तोंड नळीसारखं पुढे येतं आणि आत जातं. माझ्या घरी गोळी त्याच्या तोंडासमोर, अगदी दोन-तीन सेंटिमीटरवर आली, तर हे सगळं व्हायचं ते रोखून बघण्यापर्यंतच. मग तो मान वळवून शेजारचा दगड टिपायचा. एकदा त्यानं गोळी तोंडात घेतलीही आणि लगेच थुंकली. फ्रोजन मायसिसची, म्हणजे गोठवलेल्या कोळंबीसारख्या बारीक जिवांचीही तीच गत. खाल्लं ते फक्त घरी उबवलेल्या आर्टेमियाच्या (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाच्या) पिल्लांना, म्हणजे जे हलतं त्यालाच.

हे कळवल्यावर समोरून माफी आली नाही, आल्या बाटल्या. “ताई, नव्या घरात लाजतोय. तोवर पॉड्स घाला, लाइव्ह आहेत.” बाटलीचे बाराशे. आत हिरवट पाणी. उघडली तर सडक्या अंड्याचा वास. पांढऱ्या बशीत थोडं ओतून मोबाइलचा टॉर्च धरला. जिवंत पॉड असेल तर तो झटके देत पळतो, बशीच्या कडेनं सरपटतो, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इथे काहीच हलेना. मुलीच्या भिंगातून पाहिलं तर तळाशी पांढरी टरफलं. विचारलं तर म्हणे, “थंडीनं झोपलेत, टाकीत गेले की उठतील.” मे महिन्यात, ठाण्यात!

तोवर माशाचं पोट खपाटीला गेलं होतं. मँडरिन बाजूनं पाहिला तर बराच काळ छान दिसतो, कारण रंग उतरत नाही. त्याचा निळा रंग हा त्वचेतल्या पेशींमधल्या खऱ्या निळ्या रंगद्रव्याचा असतो, प्राण्यांमध्ये ही फारच विरळ गोष्ट आहे. म्हणून रंगावर जाऊ नका, वरून आणि समोरून बघा. डोक्यामागे पाठीवर दोन बाजूंनी चिमटा घेतल्यासारख्या खोबणी पडतात आणि मधला कणा उठून दिसतो. पोट आत ओढलेलं असतं. त्या अवस्थेत आर्टेमियाची पिल्लं दिवसातून कितीही वेळा घातली तरी भरपाई होत नाही. रासला मी जाळीनं वेगळं काढलं, छोट्या काचेच्या बरणीत खाणं ठेवून मँडरिनला तिच्यात शिरायची सवय लावायला घेतली. बरणीत तो जायला लागलाही होता. पण तो वाचला नाही.

मग सुरू झालं ‘चोर तो चोर, वर शिरजोर’. नायट्रेट किती, क्षारता किती, पाण्याचा फोटो पाठवा. सगळे आकडे बरोबर निघाल्यावर : “मग तुम्ही जास्त गोळी घातली असेल.” म्हणजे जी गोळी माशानं कधी गिळलीच नाही, तिनंच तो मेला! बिल मागितलं तर नाही. पैसे यूपीआयनं गेलेले, तेही दुकानाच्या नव्हे, कोणा नातेवाइकाच्या खात्यावर.

बिल नाही म्हणून गप्प बसू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, तो व्हिडिओ, हे सगळं चालतं. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आणि तक्रारीचा क्रमांक त्याला पाठवला. त्याआधी तो फोनच उचलत नव्हता. क्रमांक पाहिल्यावर त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

तुम्ही मँडरिन घ्यायला जाल तेव्हा दुकानात पंप बंद करायला सांगा आणि तीन-चार गोळ्या स्वतःच्या हातानं माशासमोर टाका. गोळी तोंडात गेली पाहिजे आणि तोंडातच राहिली पाहिजे. हेच दुसऱ्या दिवशी, न सांगता जाऊन परत करा. दुकानदार ‘आत्ताच खाऊन झालंय’ म्हणाला तर उठून या, मँडरिनचं कधी खाऊन होत नसतं, त्याला धड पोटाची पिशवीच नसते. टँक-ब्रेड म्हणत असेल तर हॅचरीचं नाव बिलावर लिहून मागा. आणि मासा गोळी खात नसेल, तर त्याला किमान अडीचशे-तीनशे लिटरची, वर्षभर मुरलेली, पॉड्सच्या वाढीसाठी शेवाळाचा वेगळा कप्पा असलेली टाकी लागते. सत्तर लिटरमध्ये वरून बाटल्या ओतून ते जमत नाही, बाटल्या खऱ्या असल्या तरीही.

फोनवर त्यानं आधी दुसरा मँडरिन फुकट देऊ केला. नको म्हटल्यावर अर्धे पैसे, तेही त्याच्याच दुकानात खरेदीसाठी. शेवटी पूर्ण पैसे द्यायला तयार झाला, एका अटीवर : माशाच्या मृत्यूला माझं पाणी जबाबदार होतं, असं मी लिहून द्यायचं. मी दिलं नाही. बाटल्यांचे पैसे तेवढे आले आहेत, साडेसहा हजारांची तक्रार चालू आहे. तो व्हिडिओ मात्र परवा एका ओळखीच्या मुलाला दुसऱ्याच दुकानाच्या नावानं आला. तोच मासा, त्याच गोळ्या, फक्त गाणं बदललंय.