लाडक्या बहिणीच्या केवायसीला अंगठा लागत नाही, आमच्या गावात काय झालं ते वाचा

आमचं गाव माढा तालुक्यातलं, सोलापूर जिल्हा. मी शिलाईचं काम करते आणि आमच्या बचत गटाची सचिव आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आमच्या गावात जे झालं ते आजवर फक्त बँकेत आणि पोलिसात सांगितलं, पण लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची, मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती आणि अशा मुदतीच्या नावाने असे लोक परत गावोगाव फिरू शकतात म्हणून लिहायला बसले. लांब झालंय पण बायांनो पूर्ण वाचा, घरात वाचून दाखवा.

आधी थोडं मागचं सांगते नाहीतर कळणार नाही की आम्ही एवढ्या सहज कशा फसलो. १८ सप्टेंबर २०२५ ला सरकारने सांगितलं की सगळ्या बहिणींनी दोन महिन्यांत ई-केवायसी करायची नाहीतर हप्ता बंद. त्याच्या आधी जुलैमध्ये २६ लाखांच्या वर नावं थांबवल्याचं मंत्र्यांनी स्वतः सांगितलं होतं, आमच्या गावातल्याही चारपाच जणींचा हप्ता थांबला होता, त्यामुळे धास्ती होतीच. आणि त्याच सप्टेंबरात सीना नदीला पूर आला. ज्यांनी तो पूर पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, आमच्या खालच्या आळीत घरात कमरेएवढं पाणी, धान्य गेलं, कागदपत्रं गेली, बायका आधारकार्ड आणि पासबुकं उन्हात दगड ठेवून वाळवत होत्या.

आणि वेबसाईट म्हणाल तर चालायचीच नाही. रात्री बारा वाजता उठून बसलं तरी ओटीपी यायचा नाही. त्यात स्वतःचा आधार टाकून झालं की पुढे नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी मागायचा. माझे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली, वडील त्याच्याही आधी गेले. मग मी कुणाचा आधार टाकायचा? आमच्या गटात अशा पाच जणी आहेत. अंगणवाडीच्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या आम्हाला वरून अजून काहीच आलेलं नाही, थांबा. पण थांबायचं कुणाच्या भरवशावर? माझ्या मते फसवणुकीला जागा इथेच झाली, दोन कोटींच्या वर बायकांना नियम लावला आणि विधवांनी काय करायचं हे आधी ठरवलंच नाही.

८ ऑक्टोबरला बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक मुलगा माझ्या दारात आला. पंचवीस-सव्वीसचा असेल, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक. "सचिव ताई तुम्हीच ना?" म्हणाला. तालुक्यावरून आलोय, पूरग्रस्त गावांत लाडक्या बहिणीच्या केवायसीचा कॅम्प आहे, एका माणसाचे पन्नास रुपये, आणि पुढचं जे बोलला तिथे मी अडकले. म्हणाला ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत त्यांची केवायसी ओटीपीवर होत नाही ताई, ती अंगठ्यावर करायला सांगितलीय, म्हणून तर मशीन दिलंय आम्हाला.

इतके दिवस ज्या प्रश्नाचं उत्तर कुणी देत नव्हतं त्याचं उत्तर घेऊन माणूस दारात आला होता. मी त्याला चहा दिला. आणि मीच गटाच्या ग्रुपवर बोलून मेसेज टाकला की सगळ्याजणी आधार घेऊन मारुतीच्या देवळात या. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे, पोलिसांना दाखवायला लागतो म्हणून ठेवलाय, पण स्वतःचाच आवाज ऐकवत नाही.

अकरा जणी आल्या. देवळाच्या मंडपात भिंतीला अजून पुराच्या गाळाची रेघ होती, खाली सतरंजी टाकून तो बसला, समोर टॅब आणि अंगठ्याचं ते छोटं मशीन, लाल उजेडाचं. प्रत्येकीचा आधार नंबर घ्यायचा, मग विचारायचा मावशी खातं कुठल्या बँकेत? मग अंगठा. काही जणींचं एका अंगठ्यात उरकलं. काही जणींना मात्र म्हणाला उमटत नाही मावशी, धुण्याभांड्याने बोटं झिजलीत तुमची, जरा केसातून फिरवा, हं आता ठेवा, दाबून. मशीनची काच चष्म्याच्या फडक्याने पुसायचा आणि परत अंगठा घ्यायचा. माझा तीनदा घेतला. जाऊबाईंचा तीनदा. रेशनच्या दुकानात दर महिन्याला हेच चालतं, अंगठा उमटत नाही आणि केसातून फिरवा म्हणतात, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. शेवटी प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली, त्यावर शिक्का, "ई-केवायसी पूर्ण". बायकांनी त्या चिठ्ठ्या आधारकार्डाच्या कव्हरात जपून ठेवल्या.

दीड वाजता गेला. पाण्याची बाटलीसुद्धा आम्हीच भरून दिली.

आता मला त्या योजनेचे पैसे म्हणजे काय ते सांगू द्या. लोक म्हणतात दीड हजारात काय होतं. मी पहिल्या हप्त्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ ला जुलै-ऑगस्टचे तीन हजार एकदम आले तेव्हापासून, त्यातले जमेल तेवढे बाजूला ठेवत होते. पिको-फॉलचं मशीन घ्यायचं होतं. आमच्या गावात साडीला पिको-फॉल करायला बायका कुर्डुवाडीला जातात. दिवाळीच्या आधी मशीन आलं असतं तर सीझन मिळाला असता. एकाने जुनं मशीन बारा हजाराला द्यायचं कबूल केलं होतं आणि माझ्या खात्यावर तेरा हजार आठशे होते, आकडा पाठ होता मला.

१४ तारखेला मंगळवारी पैसे काढायला बँकेत गेले. स्लिप भरली, काऊंटरवरचे साहेब म्हणाले बॅलन्स नाही. म्हणलं असं कसं, पासबुक भरून द्या. मशीनमधून पासबुक करकर करत बाहेर आलं आणि शेवटच्या ओळीत ८ तारखेला १०,००० वजा, शिल्लक ३,८००. साहेबांनीच सांगितलं, हे आधार पेमेंट आहे, एईपीएस म्हणतात, तुम्ही कुठे अंगठा लावला का? आणि मला तिथल्या तिथे सगळं कळलं. पाय लटपटायला लागले, तिथेच बाकावर बसले.

हे एईपीएस काय आहे ते नीट समजून घ्या, कारण आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तुमचं बँक खातं आधारशी जोडलेलं असेल तर आधार नंबर, बँकेचं नाव आणि तुमचा अंगठा एवढ्या तीन गोष्टींवर पैसे निघतात. एटीएम कार्ड नको, पिन नको, ओटीपी येत नाही. गावातले बँक मित्र, सेवा केंद्रवाले याच्यावरच पैसे देतात आणि म्हाताऱ्या माणसांची त्याने मोठी सोय झालीय हेही खरं. एका वेळेला दहा हजारापर्यंत निघतात. म्हणजे तो जो विचारत होता ना, खातं कुठल्या बँकेत, ते त्याच्यासाठीच. केवायसीला बँकेचं नाव लागतच नाही!

नंतर आम्ही अकरा जणींनी पासबुकं जवळ ठेवून पाहिली तेव्हा अजून एक गोष्ट लक्षात आली. पहिला अंगठा तो बॅलन्स बघायला घेत होता. ज्यांच्या खात्यावर काही नव्हतं, चौघी होत्या तशा, त्यांचं "एका अंगठ्यात झालं". ज्यांच्या खात्यावर पैसे दिसले त्यांचाच अंगठा "उमटत नव्हता". दुसऱ्या अंगठ्याला पैसे काढले, आणि माझा तिसरा घेतला तो उरलेल्या पैशांसाठी असणार, तो का गेला नाही ते बँकेने सांगितलं नाही. सात जणींचे मिळून ३८ हजार २०० गेले. जाऊबाईंचे साडेसहा हजार, ते त्यांनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवले होते.

मेसेज का आला नाही विचाराल. माझ्या खात्याला मिस्टरांचा नंबर होता, ते गेल्यावर सिम बंद पडलं. दोघींचा नंबर पोराचा, पोरगा पुण्याला कंपनीत, त्याने मेसेज पाहिलाच नाही. एकीचा नवऱ्याचा, त्याने पाहिला, त्याला वाटलं बायकोने स्वतःच काढले आणि तिलाच संध्याकाळी बोलणी बसली, ती रडून सांगत होती की मी काढले नाहीत तर कुणी ऐकेना. आणि एका सुनेने तर पहिल्यांदा तक्रारीला यायलाच नकार दिला, कारण खात्यावर एवढे साठलेत हे तिने घरात सांगितलं नव्हतं. मी तिला समजावलं की हे तुझ्या नावाचे पैसे आहेत, साठवले हा गुन्हा नाही. शेवटी ती आली, आपल्या पायाने आली, सही केली.

बँकेत कळलं त्याच दिवशी १९३० ला फोन लावला. सायबरचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यांनी सगळं विचारून तक्रार नंबर दिला. पण तिथल्या बाई म्हणाल्या ताई पैसे गेले त्या दिवशीच फोन केला असता तर पुढे पैसे अडवता आले असते, सहा दिवसांत ते फिरून गेलेले असतात. मग पोलीस ठाणे, मग बँकेत लेखी अर्ज. बँकेने आधी अर्जच घेईनात, म्हणे अंगठा तुमचाच आहे, तुम्ही स्वतः लावलाय, आमची काय जबाबदारी. आमच्या गटाला मार्गदर्शन करणाऱ्या उमेदच्या ताईंनी सांगितलं म्हणून मी रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा उल्लेख अर्जात केला, त्यात होतं की तुमची परवानगी नसताना, तुमची चूक नसताना असा व्यवहार झाला आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं तर भुर्दंड तुमच्यावर नाही, आणि ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करायचं काम बँकेचं. ते वाचल्यावर अर्ज घेतला आणि पोच दिली. पोच घेतल्याशिवाय हलू नका, शिक्का आणि तारीख असलेली. तोंडी सांगून उपयोग नाही.

तीस दिवस गेले, उत्तर आलं नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली, तीही फुकट आहे, वकील लागत नाही, माझ्या भाच्याने मोबाईलवरून भरली. ती अजून चालू आहे. पैसे आजच्या तारखेला परत आलेले नाहीत. व्यवहार कुठल्या एजंटच्या आयडीवर झाला त्याची नोंद असतेच, तो माणूस सापडू शकतो असं पोलीसही म्हणाले, म्हणून मी पाठपुरावा सोडत नाहीये, दर पंधरा दिवसांनी जाते.

मशीन दुसऱ्या कुणीतरी नेलं.

आता केवायसीचं. नोव्हेंबरमध्ये मुदत वाढवली तेव्हा सरकारने सांगितलं की ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत, किंवा घटस्फोट झालाय, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करायची आणि मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाच्या आदेशाची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची. मी तशीच केली, अंगणवाडीत बसून, ताईंच्या समोर, वेबसाईट उघडताना पत्त्याच्या शेवटी महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन आहे का ते बघून. माझ्या मोबाईलवर ओटीपी आला, टाकला, झालं. कुणी अंगठा मागितला नाही, बँकेचं नाव विचारलं नाही, एक रुपया लागला नाही. म्हणून परत सांगते, या योजनेची केवायसी ओटीपीवर होते, केवायसीच्या नावाने कुणी मशीनवर अंगठा मागितला तर हात मागे घ्या, मग तो माणूस कितीही गोड बोलू दे आणि सरपंचाला सोबत घेऊन येऊ दे.

बोटाचे ठसे लॉक करता येतात हे पण मला आत्ता कळलं. आधारच्या सरकारी ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक म्हणून आहे, ते केलं की तुमच्या अंगठ्याने कुणालाच काही काढता येत नाही. पण त्याला आधारला मोबाईल नंबर जोडलेला लागतो. आणि एक अडचण आहे ती कुणी सांगत नाही, लॉक केलं की रेशन दुकानातही अंगठा चालत नाही, दुकानात जाताना तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. मी तेच करते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी बँकेत जाऊन माझ्या खात्यावरून आधारने पैसे काढणं बंद करा असं लेखी द्यावं, आमच्या जाऊबाईंनी दिलं. आणि खात्याला स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या, नवऱ्याचा नको, पोराचा नको.

गटाच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर माफी मागितली. कुणी काही बोललं नाही, एका आजींनी फक्त त्यांची ती शिक्क्याची चिठ्ठी माझ्या हातात दिली, म्हणाल्या तुझ्याकडं ठेव, तक्रारीला लागंल. अकराही चिठ्ठ्या आता माझ्या फाईलमध्ये आहेत.

माढा, मोहोळ, करमाळा, बार्शी या भागात पुरानंतर असा कॅम्प कुठल्या गावात झाला असेल, पन्नास रुपये घेऊन अंगठे घेतले असतील, तर ८ ऑक्टोबर २०२५ च्या आसपासचं पासबुक आजच भरून आणा आणि वजा झालेली रक्कम दिसली तर आधी १९३० ला फोन करा.