टाचण्या पाहण्यासाठी ८ बाय ३२ची दुर्बीण : पाटणादेवीतील अनुभव

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या ओढ्यावर ही आठपट मोठे दाखवणारी, ३२ मिमी व्यासाच्या भिंगांची दुर्बीण मी पावसाळ्यानंतर तीन वेळा वापरली, आणि पक्ष्यांपेक्षा टाचण्यांसाठीच (चतुरांसारखे पण अधिक नाजूक, सडपातळ कीटक) ती अधिक उपयोगी ठरली. भारतीय द्वीपकल्पापुरतीच आढळणारी, वाहत्या पाण्यातल्या खडकांवर बसणारी ‘स्ट्रीम रूबी’ ही टाचणी जवळ गेले की उडते. दोन मीटरवरून मात्र नराच्या काळ्या वक्षावरची गुलाबी त्रिकोणी खूण, पुढे आलेले नाकाडे, पंखांपेक्षा आखूड पोट आणि काळपट पंखांत ऊन पडताच चमकणारे ठिपके स्पष्ट दिसले. शेजारच्या काडीवरची तपकिरी, पारदर्शक पंखांची मादी तर नुसत्या डोळ्यांनी पाहताना मला वाळके पानच वाटली होती.

तक्रार एकच, पण मोठी आहे. खोक्यावर दीड मीटरपासून फोकस होत असल्याचे छापले आहे. टेपने मोजले तेव्हा दोन मीटरच्या आत चित्र धूसरच राहिले, आणि दुकानदाराने बदलून देण्यास नकार दिला. पट्टाही घामाने मानेला काचतो. तरी सावलीतल्या ओढ्यावर सकाळी नऊनंतर, ऊन खडकांवर उतरल्यावर, ती उत्तम चालते.