चौदा लाख पंचवीस हजारांची पावती

वैमानिकाच्या नोकरीच्या आशेने फसलो, त्याचा आकडा आधीच सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल: 14,25,000 रुपये. 2,50,000 नोंदणीचे, 7,00,000 बाबांची एफडी मोडून, 4,75,000 आईच्या पाटल्या गहाण टाकून.

मी अगदीच बावळट नाही. 200 तास उडून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, काढलंय. पण ते लायसन्स घेऊन दोन वर्षं इंदूरला रामबागेत घरी बसलेल्याला कुणी 'ए-320 चं रेटिंग करा, सीट पक्की' म्हटलं की काय होतं, ते बसलेल्यालाच विचारा. रेटिंग, म्हणजे टाइप रेटिंग: एअरबसच्या ए-320 सारखं एक ठरावीक विमान उडवायची लायसन्सवरची परवानगी. रेटिंगचा खर्च बऱ्याच ठिकाणी उमेदवाराच्याच माथी असतो, मग मी वेगळं काय केलं? त्या संस्थेचं विजयनगरला काचेचं ऑफिस, आणि 'सर' चक्क आपल्या मराठीत बोलणारे. तिथेच विरघळलो.

पावतीवर टाइप रेटिंग हा शब्दच नव्हता. 'करिअर मार्गदर्शन शुल्क' असं होतं. बाबांची सगळी नोकरी बँकेत गेलेली. चष्मा वर करून म्हणाले, "अरे, विमानाचं नाव कुठंय यात? आणि खातं कुणा बाईच्या नावावर कसं?" मी म्हणालो, "बाबा, यातलं तुम्हाला काही कळत नाही." अजून झोपताना तेच आठवतं.

मिळालं काय? आठ तास, तेही जागचा न हलणाऱ्या सिम्युलेटरवर. एवढ्यावर लायसन्सवर रेटिंग चढत नाही. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. या संस्थेचं नाव त्यात नव्हतं. ते बघायला पाच मिनिटं लागतात. मी बघितलं पैसे गेल्यावर.

ठाण्यात चार चकरा. "भिया, पैसा तुमने खुद दिया, ये तो दीवानी मामला है." हेल्पलाइनवाले म्हणाले, ठाण्यात जा. ठाणेवाले म्हणाले, बँकेत विचारा. बँकेत कळलं, त्या खात्याची माहिती देता येत नाही. अर्जाची पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले, तीन वाजेपर्यंत! वकिलाच्या नोटिशीचे 5,000 गेले ते वेगळेच.

विमान कंपनीचं नोकरीचं पत्र हातात आल्याशिवाय रेटिंगला पैसा देऊ नका. ए-320 चं रेटिंग बोइंगच्या 737 ला चालत नाही, आणि नोकरीवाचून ते पडून राहिलं की पुन्हा सिम्युलेटरचा खर्च. 'आज भरा, उद्या सीट जाईल' म्हणणाऱ्याच्या ऑफिसात चहासुद्धा पिऊ नका. आणि घरातल्या बँकवाल्याचं ऐका.

पावतीची झेरॉक्स जपून ठेवली आहे. कुणाला बघायची असेल तर दाखवीन.